मदत हवी आहे: काजू युनिटचा प्रोग्रॅम नेट नसलेल्या मशीनवर पेनड्राइव्हवरून कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ माझ्या मावशीच्या बचत गटाचं छोटं काजू युनिट आहे. बी वाफवायची, फोडायची, ड्रायरला लावायची, सोलायची आणि मग प्रत लावायची: १८०, २४०, ३२०, पाकळी, तुकडा. (३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर.) मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे कोणी किती सोललं ही रोजची नोंद म्हणजे बायकांचा पगारच. वहीची बेरीज करायला मावशी रात्री अकरापर्यंत बसायची, म्हणून मी पायथन भाषेत, खिडक्या-बटणं बनवणारं क्यूटी ५ वापरून एक प्रोग्रॅम लिहिला. नोंदी एसक्यूलाइटच्या, म्हणजे छोट्या डेटाबेसच्या, एका फाइलमध्ये राहतात. माझ्या लॅपटॉपवर काही अडचण नाही. दुसऱ्यांच्या मशीनवर न्यायला गेलो आणि सगळं अडलं.

मशीन तीन आहेत. युनिटवर जुना डेस्कटॉप, विंडोज ७, ३२ बिट. गटाच्या सचिव ताईंकडे विंडोज १०. आणि हिशेब तपासणाऱ्या काकांच्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार). युनिटवर नेट नाही, पावसात तर फोनलाही रेंज नसते. म्हणजे जे काही न्यायचं ते पेनड्राइव्हवरूनच.

मी पायइन्स्टॉलरने (पायथनच्या कोडमधून थेट चालणारा प्रोग्रॅम बांधणारं साधन) एकच फाइल होईल असा पर्याय निवडला. विंडोजसाठीची फाइल मामेभावाच्या विंडोज १० वर केली, कारण पायइन्स्टॉलर ज्या सिस्टिमवर चालवाल तिच्यापुरतीच फाइल देतो. पुढे काय झालं ते सांगतो.

युनिटवरच्या विंडोज ७ वर ती उघडतच नाही, कुठलीशी डीएलएल (विंडोजची जोडफाइल) सापडत नाही म्हणते. काकांच्या उबुंटूवर ‘जीलिबसी २.३५ सापडलं नाही’ (जीलिबसी म्हणजे लिनक्समधली मूळ लायब्ररी). (ही फाइल माझ्या लॅपटॉपवर केली होती, त्यावर उबुंटू २२.०४ आहे.)

सचिव ताईंकडे मात्र उघडली. मावशी त्यांच्या घरी बसून दिवसभराच्या नोंदी भरून आली. बी फोडायच्या कामाला हाताला खोबरेल लावतात, ते माऊसला लागून बटण निसटत होतं, तरी तिने एकेक आकडा नीट भरला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडला तर पाटी कोरी. मला फोन: “रे बाबा, काल लिवलेला सगळा खय गेला?” वही जपून ठेवली होती म्हणून मजुरी बुडाली नाही. पण त्या दिवसापासून बायका वहीच पुढे करतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग मी इन्स्टॉलर करून प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकून पाहिला, तर डेटाबेस फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही अशी एरर. एक डबल क्लिक, डेस्कटॉपवर चित्र, आणि भरलेलं जागेवर राहावं, इतकंच हवं आहे. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद

नोंदी गेल्या त्याचं आधी सांगतो, कारण तेच सगळ्यांत गंभीर आहे. तुम्ही डेटाबेसचा पत्ता कोडच्या फाइलशेजारचा दिलाय ना? एकफाइलवाला प्रोग्रॅम दर वेळी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो आणि बंद होताना ते फोल्डर पुसून टाकतो. मावशींच्या नोंदी त्या फोल्डरात होत्या. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, म्हणून दुसरी एरर. डेटा नेहमी युजरच्या जागेत ठेवा: विंडोजवर लोकल अ‍ॅपडेटा, लिनक्सवर युजरच्या होम फोल्डरमधलं डॉट-लोकल, त्यात शेअर. क्यूटीचं स्टँडर्डपाथ्स दोन्हीकडे बरोबर जागा देतं, हाताने पत्ता लिहू नका.

एकफाइलचा हट्टही सोडा. फोल्डरवाला पर्याय घ्या, लवकर उघडतो आणि अँटीव्हायरसही त्यावर कमी संशय घेतो. तो फोल्डर इनो सेटअपमध्ये (विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवणारं साधन) भरा, परवानगी ‘लोएस्ट’ ठेवा, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचारणार नाही.

विंडोज ७ साठी पायथन ३.८ च लागेल, ३.९ पासून त्याचा पाठिंबा काढला आहे. ३.८ चं ३२ बिट पायथन घेऊन बांधा. ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिट विंडोज १० वरही चालतो, एकाच इन्स्टॉलरमध्ये दोन्ही मशीन होतील. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) आहे का तेवढं बघा.

लिनक्सचा नियम असा: जी सर्वांत जुनी आवृत्ती चालवायची, तिच्यावर बांधा. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे तुमच्याच लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर, उबुंटू २०.०४ टाका. अ‍ॅपइमेज (लिनक्सवर न बसवता चालणारी एकच फाइल) केलीत तर काकांना आधी पेनड्राइव्हवरून होममध्ये कॉपी करायला सांगा. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यावर ‘चालवण्याची परवानगी’ टिकत नाही.

प्रतिसाद

वरच्यात एक भर. इन्स्टॉलर मेलने किंवा वेबवरून पाठवलात तर विंडोज १० निळा इशारा दाखवतं आणि लोक घाबरून बंद करतात. फॅट३२ पेनड्राइव्हवरून नेलेल्या फाइलला नेटवरून आल्याची खूण उरत नाही, त्यामुळे तुमच्याकडे तो प्रश्न येऊ नये. देवनागरी फाँटही सोबत द्या, मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ चालेल. जुन्या मशीनवर कोणता फाँट असेल त्यावर विसंबू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्ता खरंच कोडशेजारचा होता. बदलला, ३.८ वर बांधलं, आणि काल युनिटवर जाऊन बसवलं. नोंद भरली, प्रोग्रॅम बंद केला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, नोंद जागेवर. मावशीसमोर तीनदा करून दाखवलं. महिनाभर वही आणि प्रोग्रॅम दोन्ही चालू ठेवायचं ठरलंय. उबुंटूचं रविवारी करतो, अडलं तर इथेच विचारेन.