माहिती काढा, पण पाठ म्हणून दाखवू नका

वकिलांच्या फर्मची माहिती तर काढली, आता नोकरीच्या मुलाखतीत ती वापरायची कुठे, असं एकाने विचारलंय. बहुतेकांनी त्याला फर्मची वेबसाइट वाचून जा म्हटलंय. मी तेच केलं आणि तोंडघशी पडलो. बेळगावातल्या एका ऑफिसात सिनियरांना त्यांचीच कारकीर्द ऐकवली. ते चष्मा पुसत म्हणाले, "हे मला माहीत आहे. तुझं बोल."

पुढच्या ठिकाणी जाण्याआधी ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर तिथल्या वकिलाच्या नावाने केसेस शोधल्या (तशी सोय आहे तिथे). बरेचसे दावे वाटणीचे आणि जमिनीचे निघाले. १९५६ पर्यंत हा बेळगावचा भाग मुंबई राज्यात, त्यामुळे कित्येक जुने कागद मराठीत, काही तर मोडी लिपीत. कोर्टाचं काम मात्र कन्नड-इंग्रजीत. मग एवढंच म्हटलं, "तुमच्याकडे वाटणीचे दावे बरेच दिसतात सर. मला मोडी वाचता येते, कन्नडही लिहितो. जुने कागद सध्या कोण वाचून देतं?" सरांनी कपाटातून एक पिवळं पडलेलं खरेदीखत काढलं आणि म्हणाले, "वाच." तारखेपाशी अडखळलो, पण निभावलं.

अपिलांसाठी कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात कोण जातं, हेही जरूर विचारा. पक्षकाराचं नाव घेऊन मात्र बोलू नका. तुमचं तोंड किती सैल आहे ते तिथेच जोखतात.

आणि हो, सीमाप्रश्नावर मत विचारलंच. "२००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे सर," म्हणून सुटलो.