मोनाझाइट ॲसिडमध्ये शिजवल्यावर थंडच पाणी का?

काळीमाती_सोलापूर: एमएस्सी इनऑरगॅनिकला आहे, सेमिनारला रेअर अर्थ (लँथॅनम, सिरियम, निओडिमियम असले धातू) घेतलंय. पुस्तकात दिलंय की मोनाझाइट, म्हणजे या धातूंचं फॉस्फेट खनिज, कडक सल्फ्युरिक ॲसिडमध्ये २०० अंशांच्या आसपास तापवायचं आणि मग तो लगदा थंड पाण्यात विरघळवायचा. थंड का? गरम पाण्यात जास्त विरघळायला पाहिजे ना? अन् दुसरं, आपल्याकडच्या काळ्या दगडावर ॲसिड टाकून डेमो दाखवला तर चालंल का?

जुनी_लॅब: चांगला प्रश्न विचारलास. रेअर अर्थ सल्फेटचं उलटं असतंय, पाणी तापलं की विद्राव्यता कमी होते, म्हणून गरम पाणी वापरलं तर माल गाळातच राहील. शिवाय उरलेलं सल्फ्युरिक पाण्यात जाताना स्वतःच भरपूर उष्णता सोडतं. आणि लगदा हळूहळू पाण्यात घालायचा, लगद्यावर पाणी ओतायचं नाही, हे सेमिनारमध्ये ठळक सांग. बरं, आपल्या देशात मोनाझाइटला कॉस्टिक सोड्याचा मार्ग वापरतात, फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेट होऊन वेगळा निघतो आणि मागं राहिलेले हायड्रॉक्साइड हायड्रोक्लोरिकमध्ये घेतात. ओडिशातल्या छत्रपूरची वाळू, केरळात आलुव्याला १९५२ पासून चाललेलं रेअर अर्थचं काम, हे टाक, नुसतं चीन चीन नको.

एमआयडीसी_केमिस्ट: दगडाचं विसर बे. तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात हे धातू पीपीएममध्ये (दहा लाखांत काही भाग) असतात, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंडच सगळं ॲसिड खाऊन टाकतात, वर सिलिकाचं जेल झालं की फिल्टर पेपर चोक. फेस आला तर तो चुनखडीचा असणार, त्याला रेअर अर्थ म्हणू नको. आणि खरी कसरत विरघळवल्यानंतर आहे, कारण लँथॅनम, निओडिमियम सगळ्यांचा प्रभार प्लस तीन आणि आयनांचा आकार जवळजवळ सारखा, म्हणून सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचे (पाण्यातला धातू पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात ओढून घ्यायचे) टप्प्यावर टप्पे लावावे लागतात. सिरियम तेवढा ऑक्सिडाइज करून प्लस चारला नेता येतो म्हणून आधी बाजूला काढतात. सेमिनारचा अर्धा वेळ याला दे.

काळीमाती_सोलापूर: भारी! मग मोनाझाइटची वाळू कुठनं मिळवू का?

जुनी_लॅब: अजिबात नको. त्यात थोरियम असतं, अणुऊर्जा कायद्याखाली येतं ते. कॉलेजातलं सिरियम तीनचं नायट्रेट घे, पाण्यात विरघळव, ऑक्झॅलिक ॲसिड घाल, पांढरा साका बसतो, कारखान्यातही असाच ऑक्झलेट पाडून भाजून ऑक्साइड करतात. ऑक्झॅलिक विषारी आहे, ग्लोव्हज, गॉगल घाल आणि सरांना समोर उभं करूनच कर.