गोळी देऊनही जंत परत, काय करावं?

ओजूची_आई
लेक सहा वर्षांची. रात्री झोपली की तासाभरात शीची जागा खाजवत उठते, रडते. परवा टॉर्च लावून पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंत वळवळत होते. फेब्रुवारीत शाळेत गोळी मिळाली होती, थोडे दिवस बरे गेले, आता पुन्हा तेच. शी तपासली तर रिपोर्ट स्वच्छ! सासूबाई म्हणतात गोड बंद कर.

कोकणी_काका
वावडिंग उकळून द्या. आम्ही त्यावरच वाढलो.

निवृत्त_सिस्टर
काका, वावडिंगाशी माझं भांडण नाही, पण त्याच्या भरवशावर बसू नका. गोडाचाही संबंध नाही.

हे सूतकृमी. मादी रात्री बाहेर येऊन त्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून खाज रात्री आणि म्हणूनच शीत काही सापडत नाही. खात्री करायची तर सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून लॅबला देतात. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत, आता गरज नाही. पोर खाजवतं, अंडी नखांत, नखं तोंडात. चादरीवर ती दोन आठवडेसुद्धा टिकतात.

10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी अल्बेंडाझोलचीच, पण तो कार्यक्रम मातीतून होणाऱ्या जंतांसाठी. इथे गोळीने जंत मरतात, अंडी उरतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, आणि डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. आजीसकट! "मला काही होत नाही" म्हणणाऱ्याकडूनच लागण फिरत राहते.

दुसऱ्या दिवशी चादरी, चड्ड्या गरम पाण्यात. झटकू मात्र नका, अंडी उडतात, गुंडाळून उचला. नखं बारीक कापा, रात्री चड्डी घालून झोपवा, सकाळी उठल्याउठल्या आंघोळ.

ओजूची_आई
सिस्टर, जाऊबाईंना तिसरा महिना आहे आणि त्यांचा धाकटा दीड वर्षाचा. त्यांनाही? आणि मांजर सोडून द्यावी का?

निवृत्त_सिस्टर
जाऊबाईंना आपल्या मनाने गोळी अजिबात नको, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तोवर हात आणि नखं सांभाळा. दोन वर्षांखालच्या बाळाची मात्रा निम्मी असते, तीही बालरोगतज्ज्ञ सांगतील तेव्हाच.

मांजर राहू द्या. हे जंत माणसाकडूनच माणसाला होतात, तिचा यात काही दोष नाही.