वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष कामाचं सर्वेक्षण: प्रश्नावली, नमुना आणि अल्फा

श्रवणवेध

ऑडिओलॉजीच्या (श्रवणशास्त्राच्या) पदव्युत्तर प्रबंधासाठी सर्वेक्षण करते आहे. प्रौढांना श्रवणयंत्र बसवताना रिअल इअर मेजरमेंट, म्हणजे यंत्र लावल्यावर कानात आवाज किती पोहोचतो याचं प्रत्यक्ष मोजमाप (पुढे नुसतं आरईएम), कितपत केलं जातं आणि होत नसेल तर का, हा विषय. नोंदणी यादीत साधारण ६०० ऑडिओलॉजिस्ट आहेत. ४८ प्रश्नांची ऑनलाइन प्रश्नावली तयार आहे, बहुतेकांची उत्तरं 'नेहमी / बऱ्याचदा / कधीकधी / क्वचित / कधीच नाही' अशी. लिंक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकायचा विचार आहे.

सगळीकडे ३८५ चा नमुना सांगतात, तो ६०० जणांतून कसा मिळायचा? पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.५८ आला, तो ०.७ च्या वर न्यायला कोणते प्रश्न काढू? आशय-वैधतेसाठी (प्रश्न विषयाला धरून आहेत का हे ठरवायला) किती तज्ज्ञ लागतात? आणि ४८ प्रश्न फार होतात का?

कानोसा

नमुन्याचं नंतर बघू, आधी प्रश्न दुरुस्त करा. ते चुकले तर सहाशेच्या सहाशे उत्तरं येऊनही हाती काही लागणार नाही.

'तुम्ही आरईएम करता का?' याला 'नेहमी' हे उत्तर सहज येतं, कारण मार्गदर्शक सूचनांमध्ये काय लिहिलंय ते प्रत्येकाला माहीत असतं. शिवाय एकाचं 'बऱ्याचदा' म्हणजे दहातले चार, दुसऱ्याचं दहातले आठ. त्यामुळे शब्दांऐवजी मोजता येईल असं विचारा: 'तुम्ही नवीन श्रवणयंत्र बसवलेले शेवटचे १० प्रौढ रुग्ण आठवा. त्यांपैकी किती जणांमध्ये प्रोब ट्यूब (कानात ठेवायची बारीक मोजनळी) वापरून मोजमाप केलं?' उत्तर ० ते १० आकड्यात. 'शेवटचे १०' म्हटलं की सोयीचे रुग्ण निवडायला जागा उरत नाही. ज्यांनी तेवढे रुग्ण पाहिलेलेच नाहीत त्यांच्यासाठी 'गेल्या ३ महिन्यांत किती प्रौढांना यंत्र बसवलं?' हा प्रश्न आधी ठेवा. शून्य आलं तर पुढचा भाग आपोआप वगळला जाईल अशी सोय हवी.

प्रश्नाच्या वरच व्याख्या द्या. फिटिंग सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसणारा आलेख हा अंदाज असतो, कानात केलेलं मोजमाप नव्हे. पण बरेच जण त्यालाच आरईएम समजून 'हो' म्हणतात. म्हणून लिहा: 'कानाच्या नळीत प्रोब ट्यूब ठेवून, यंत्र कानात चालू असताना, कानाच्या पडद्याजवळची ध्वनिपातळी मोजणे.' मग कोणत्या पातळ्यांना मोजता (हळू, मध्यम, मोठा आवाज), कोणत्या टार्गेटशी जुळवता (आवाज किती वाढवायचा ते सांगणारी सूत्रं: एनएएल-एनएल२, डीएसएल, कंपनीचं स्वतःचं) आणि मोजल्यावर गेन (यंत्राने केलेली आवाजाची वाढ) बदलता का, हे वेगवेगळे प्रश्न. 'मोजून त्यानुसार यंत्र बदलता का?' असा जोडप्रश्न नको. नुसतं मोजणाऱ्याने त्याला काय उत्तर द्यायचं?

उपकरणाचा प्रश्न सगळ्यांत आधी. ज्यांच्याकडे आरईएमची यंत्रणाच नाही आणि ज्यांच्याकडे असून वापरली जात नाही, हे दोन पूर्णपणे वेगळे गट आहेत. त्यांना एकत्र करून 'अमुक टक्के आरईएम करत नाहीत' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला अडचण पैशाची आहे की सवयीची, हे कळतच नाही. उपकरण कॅलिब्रेट केलेलं आणि चालू आहे का, हेही विचारा. कपाटात बंद असलेलं यंत्रही 'आहे' मध्येच मोजलं जातं.

४८ प्रश्न जास्तच आहेत. ओपीडी सांभाळून माणूस ८-१० मिनिटं देईल, तेवढ्यात २०-२५ प्रश्न होतात. कात्री लावायची कसोटी सोपी आहे: ज्या प्रश्नाचा तक्ता तुमच्या निष्कर्षात जाणार नाही, तो काढा. वय, लिंग, पदवीचं वर्ष वगैरे शेवटी ठेवा.

आकडेमोड

आता आकड्यांचं.

३८५ हा आकडा अमर्याद लोकसंख्येसाठी आहे: ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक आणि प्रमाण ५० टक्के धरून. तुमची लोकसंख्या ६०० आहे, म्हणून दुरुस्ती लावायची: ३८४ ला (मूळ आकडा ३८४.१६, तोच वर नेऊन ३८५ म्हणतात) (१ + ३८३/६००) म्हणजे १.६४ ने भागा. पूर्णांकात वर नेलं की २३५ येतात. पण प्रतिसाद ४० टक्के धरला तर २३५ मिळवायला ५८८ जणांना पाठवावं लागेल. म्हणजे नमुना काढण्यात अर्थ नाही, सगळ्यांनाच पाठवा. समजा २१० उत्तरं आली, तर चुकीची मर्यादा सुमारे ५.५ टक्के. प्रबंधाला ते पुरेसं आहे.

मात्र हे गणित फक्त योगायोगाच्या चुकीचं. ज्यांनी उत्तर दिलंच नाही ते वेगळे असतील, तर ती चूक कोणत्याही सूत्रात बसत नाही, आणि आरईएमची आवड असणारेच असं सर्वेक्षण हौसेनं भरतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकला माझा स्पष्ट विरोध आहे. लिंक किती जणांपर्यंत पोहोचली ते कळत नाही, म्हणजे छेदच नाही. मग प्रतिसादाचं प्रमाण कशावरून काढणार? एकच माणूस चार गटांत असतो आणि दोनदा भरतो. विद्यार्थीही भरतात.

यादीतल्या प्रत्येकाला ईमेलने स्वतंत्र कोड असलेली लिंक पाठवा. ७-८ दिवसांनी पहिली आठवण, आणखी तेवढ्याच दिवसांनी दुसरी, तीही फक्त न भरलेल्यांना. परत आलेले ईमेल, निवृत्त झालेले आणि श्रवणयंत्राचं काम न करणारे वेगवेगळे मोजा. पहिल्या फेरीत उत्तर देणारे आणि शेवटच्या आठवणीनंतर देणारे यांची उत्तरं ताडून पाहा. उशिरा देणाऱ्यांत आरईएमचं प्रमाण घसरत असेल, तर न देणाऱ्यांत ते आणखी कमी असण्याची शक्यता आहे. हे चर्चेत लिहाच.

अल्फासाठी प्रश्न काढू नका. कृपया. सगळे प्रश्न एकाच अदृश्य गुणाची मापं आहेत असं धरून अल्फा काढला जातो, उदाहरणार्थ आरईएमविषयीचा दृष्टिकोन. 'उपकरण आहे का', 'किती रुग्णांत वापरलं' आणि 'प्रशिक्षण कुठे घेतलं' यांचा एकमेकांशी मेळ बसायलाच हवा असं काही नाही. कमी अल्फा हा इथे दोष नाहीच, आणि तो वाढवायला प्रश्न काढले तर नेमकी माहितीच गळून जाते. दृष्टिकोनाचे पाच-सहा विधानांचे प्रश्न असतील तर फक्त त्या गटाचा अल्फा द्या. बाकीच्यांसाठी पुनर्चाचणी: २०-३० जणांकडून साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने तीच प्रश्नावली, आणि कप्पा (योगायोगाने होणारी जुळणी वगळून दोन्ही वेळची उत्तरं किती जुळली याचं माप). क्रमवार उत्तरांना भारित कप्पा, ज्यात जवळच्या पर्यायातला फरक कमी आणि लांबचा जास्त धरला जातो. जवळजवळ सगळ्यांनी एकच पर्याय निवडला असेल तर जुळणी उत्तम असूनही कप्पा खाली येतो, म्हणून सोबत जुळणीची टक्केवारीही द्या.

तज्ज्ञ सहा घ्या. प्रत्येक प्रश्नाला समर्पकतेसाठी १ ते ४ गुण. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण ०.७८ च्या वर हवं. सहापैकी पाच म्हणजे ०.८३, चालेल. चार म्हणजे ०.६७, प्रश्न बदला. पाच किंवा कमी तज्ज्ञ असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं. सहापैकी एक-दोन संशोधक असावेत, बाकी रोज यंत्रं बसवणारे.

उच्चारण

मी वाचा-उपचाराच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो, कारण अडचण तीच आहे.

पहिली: 'लागू असलेल्या सर्वांवर खूण करा' हा प्रकार टाळा. लोक वरच्या दोन-तीन पर्यायांवर टिक करतात आणि पुढे जातात. खूण नसणं म्हणजे 'नाही', की वाचलंच नाही, हे सांगता येत नाही. 'का करत नाही' ची कारणं (वेळ, उपकरण, प्रशिक्षण, रुग्णाची तयारी, उपयोग न वाटणं) प्रत्येकी हो/नाही अशी विचारा आणि क्रम प्रत्येकासाठी आपोआप बदलता ठेवा.

दुसरी: निर्णय जाणून घ्यायचा असेल तर एक छोटं प्रकरण द्या. गिळण्याच्या विकारात 'उपकरणाधारित तपासणी सुचवता का?' याला सगळे हो म्हणतात. 'पक्षाघातानंतर ५ वा दिवस, आवाज ओलसर, पाणी पिताना खोकला नाही, छातीत संसर्गाची शंका. पुढचं पाऊल कोणतं?' असं विचारलं की उत्तरं फाटतात, आणि ती फाटाफूटच अभ्यासण्यासारखी असते. तुमच्याकडेही एका ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) असं करता येईल. मात्र प्रकरणं दोनच ठेवा, वाचायला वेळ जातो.

आपल्या क्षेत्रात अशा सर्वेक्षणाचं वजन काय असतं ते पाहा: अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ८५ टक्के वाचा-उपचारतज्ज्ञांनी उच्चारदोषांसाठी बोलण्याविना केले जाणारे तोंडाचे व्यायाम वापरत असल्याचं सांगितलं, आणि त्या व्यायामांना पुराव्याचा आधार तर फार तोकडा होता. पुरावा आणि काम यांतली दरी एका आकड्यात दिसली.

श्रवणवेध

मनापासून आभार. उपकरणाचा प्रश्न वर घेतला, जोडप्रश्न तोडले. एक राहिलं: कोड दिला तर उत्तरं निनावी कशी राहणार? समितीने 'पूर्ण निनावी' अशी अट घातली आहे.

आकडेमोड

कोड-ईमेल यादी एका फाइलमध्ये, उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, आणि यादी तुमच्याऐवजी मार्गदर्शकांकडे किंवा विभागातल्या तिसऱ्या व्यक्तीकडे. आठवणी तीच व्यक्ती पाठवेल. संकलन संपलं की यादी नष्ट करायची. पण याला 'निनावी' म्हणू नका, 'गोपनीय' म्हणा आणि समितीपुढे तसंच मांडा. समिती अडून बसली तर सर्वांना एकच लिंक ईमेलने पाठवा आणि 'भरलं' एवढंच कळवणारा दुसरा वेगळा फॉर्म ठेवा. एका खात्यातून एकच प्रतिसाद अशी अट लावली तर लॉगिन करावं लागतं आणि लोक बिचकतात, हे लक्षात ठेवा.

कानोसा

आणि नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो. '२० वर्षांहून जास्त अनुभव, सरकारी रुग्णालय, कॉक्लिअर इम्प्लांट विभाग' एवढ्यावर ६०० जणांच्या यादीत एकच व्यक्ती उरू शकते. अनुभव गटांत विचारा, आणि ज्या खान्यात ५ पेक्षा कमी माणसं आहेत तो तक्त्यात शेजारच्या खान्यात मिसळा. संमतीच्या पानावर हेही लिहा की 'पाठवा' दाबण्याआधी कधीही थांबता येईल. एकच लिंक असलेला निनावी मार्ग घेतलात, तर पाठवल्यानंतर उत्तर शोधून काढून टाकणं शक्य नाही, हेही त्याच पानावर सांगा.