काचांवर पाणी, कपाटामागे बुरशी, मुलीला खोकला: हिवाळ्यात घर कसं ठेवायचं?

मोरपीस
मंडळी नमस्कार,

थंडी सुरू झाली की आमच्या घरात दरवर्षी हेच होतं. सकाळी झोपायच्या खोलीचा पडदा सरकवला की काचेवर पाण्याचे ओघळ, आणि चौकटीच्या खाचेत फडकं पिळण्याइतकं पाणी. परवा लेकीचा स्वेटर काढायला कपाट उघडलं तर आतून कुबट वास आला. कपाट पुढे ओढलं, तर मागच्या भिंतीवर खालच्या कोपऱ्यात हातभर काळा पट्टा. प्लायच्या पाठीवरही ठिपके उमटलेत. गेल्या वर्षी तिथेच ब्लीचने पुसून वर रंग मारला होता.

लेक सहा वर्षांची आहे. तिला पहाटे कोरडा खोकला लागतो, दुपारी बाहेर खेळायला गेली की कमी होतो. मी रोज केर काढते, फरशी पुसते, तरी हे असं. हीटरने हवा कोरडी होते म्हणून ह्युमिडिफायर घ्या असं शेजारच्या काकू म्हणाल्या. घ्यावा का? की एअर प्युरिफायर बरा? तुम्ही काय वापरता ते सांगा.

उंबरठा
ताई, ह्युमिडिफायर अजिबात घेऊ नका. काचेवरून ओघळ येतायत म्हणजे घरात बाष्प आधीच जास्त आहे. त्याऐवजी साधा आर्द्रतामापक घ्या, हायग्रोमीटर म्हणून मिळतो तो. ४० ते ५०% आकडा चांगला, ६०च्या वर सतत राहिला तर बुरशी येणारच.

पण तो टेबलावर ठेवून फसू नका. हीटर हवेतलं पाणी काढत नाही, फक्त हवा तापवतो. २१ अंशांच्या खोलीत आकडा ४५% दिसेल, पण कपाटामागची बाहेरची भिंत १२ अंशांवर असेल तर तिला टेकलेली तीच हवा ८०%ला पोचते. म्हणून एक दिवस मापक कपाटामागे ठेवून बघा.

मोरपीस
आभार, मागवते. म्हणजे एवढं पाणी घरातूनच येतं? नळ, पाइप सगळं तपासून घेतलंय, गळती कुठेच नाही.

रानवारा
कपडे कुठे वाळत घालता?

मोरपीस
थंडीत घरातच, स्टँडवर. रात्री स्टँड हीटरसमोर ठेवते.

रानवारा
मग तेच. मलाही हे खरं वाटत नव्हतं, म्हणून एकदा मशीनमधून काढलेले कपडे वजनकाट्यावर ठेवले. ओले ६ किलो ४०० ग्रॅम, वाळल्यावर ४ किलो ५०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दोन लिटर पाणी एका रात्रीत आमच्या झोपायच्या खोलीच्या हवेत गेलं होतं. शिवाय अंघोळ, स्वयंपाक, माणसांचा श्वास हे वेगळंच.

आता मी कपडे न्हाणीघरात वाळवते, दार बंद आणि एक्झॉस्ट पंखा चालू. मशीनमध्ये स्पिन दोनदा लावते. अंघोळीनंतर पंखा आणखी वीस मिनिटं चालू ठेवते आणि फरशांवरून वायपर ओढते. भांड्यांवर झाकण ठेवायला विसरू नका.

शांतनिवास
वरच्या सगळ्याला +१. खिडकीबद्दल मात्र लिहितो, कारण थंडी आत येईल या भीतीने बहुतेक जण तिथेच चुकतात. एक फट दिवसभर उघडी ठेवू नका. त्याने खिडकीलगतची भिंत गार पडते आणि हवाही नीट बदलत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. भिंती आणि सामान ऊब धरून ठेवतात, त्यामुळे खोली लवकर परत तापते.

बाहेर धुकं असलं तरी उघडा. ५ अंशांची धुक्यातली हवा घरात येऊन २० अंशांवर तापली की तिची आर्द्रता ४०%च्या खाली येते.

उंबरठा
एक भर. घर रहदारीच्या रस्त्यावर असेल तर पहाटे उघडू नका. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, त्यामुळे धूर खालीच साचतो. ऊन चढल्यावर तो पांगतो. तिथे दुपार बरी.

मोरपीस
खूप उपयोगी आहे हे. आता त्या काळ्या पट्ट्याचं काय करू? आणि खोकल्याचं?

रानवारा
कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क, हातमोजे घाला, खोलीचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा. साबणाच्या पाण्याने पुसून भिंत पूर्ण कोरडी करा. ओल तशीच ठेवून वर रंग मारला तर बुरशी परत येतेच. प्लाय सच्छिद्र असतो, तो वरवर पुसून निघत नाही. कपाटाची पाठ बदलून घ्या आणि कपाट आतल्या भिंतीला हलवा, जमत नसेल तर निदान चार बोटं अंतर ठेवा. डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर जाणकाराला बोलवा.

ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काही कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

शांतनिवास
खोकला डॉक्टरांना दाखवाच आणि बुरशीचं आवर्जून सांगा. तिच्या गादीकडेही बघा. धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, हवेतलं बाष्प शोषून जगतात, त्यामुळे दमट अंथरुणात त्यांची वाढ होते. उठल्या उठल्या पांघरूण घडी करू नका, तासभर उघडं राहू द्या. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कापडी खेळणी एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग धुवा. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, झाडूने बारीक धूळ नुसती हवेत चढते.

उंबरठा
ताई, एक राहिलंच. हीटर विजेचा आहे ना?

मोरपीस
नाही, गॅसचा. सिलिंडरवर चालतो, धुराडं नाही. रात्री मंद आचेवर असतो.

उंबरठा
कृपया आज रात्रीपासून तो लावू नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी बाष्प होऊन खोलीत येतं, ते तुमच्या काचांवर दिसतंय. त्याहून मोठी काळजी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. सकाळी कुणाचं डोकं जड होतं का?

मोरपीस
माझं होतं. झोप पुरी झाली नाही असंच समजत होते.

रानवारा
ताई, मग थांबू नका. आत्ता खिडक्या उघडा, हीटर बंद करा, आणि आजच घरातले सगळे डॉक्टरांकडे जा. हीटरबद्दल स्पष्ट सांगा.

शांतनिवास
आणि प्युरिफायरचे पैसे सध्या ठेवा. हेपा फिल्टर धूळ आणि बीजाणू चांगले पकडतो, पण ना बाष्प काढतो, ना कार्बन मोनॉक्साइड. आधी विजेचा ऑइल रेडिएटर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या.

मोरपीस (तीन आठवड्यांनंतर)
उशिरा लिहितेय, माफ करा. त्याच दिवशी दवाखान्यात गेलो, तिघंही ठीक आहोत. गॅसचा हीटर काढून टाकला, अलार्म झोपायच्या खोलीत लावला. मापक कपाटामागे ठेवला तेव्हा ८४% होता. आता कपाट आतल्या भिंतीला आहे, कपडे न्हाणीघरात वाळतात, आणि त्याच कोपऱ्यात ५८% दिसतोय. खाचेतलं पाणी थांबलं, काचेच्या खालच्या कडेला पहाटे थोडं दव धरतं तेवढंच. माझं डोकं दुसऱ्या दिवसापासून हलकं झालं. लेकीचा खोकला कमी आहे, पूर्ण गेलेला नाही, औषध सुरू आहे.

५८ वरून ५०च्या आत आणायला डीह्युमिडिफायर कुणी वापरलाय का? किती लिटरचा पुरतो?