भंगारातली शिल्पं हा कचऱ्यावरचा उपाय आहे का?

नेरुळकर: काल इथे एकांनी लिहिलं, 'भंगारातली शिल्पं उभारून कचऱ्याचं काय करायचं ते नवी मुंबईने दाखवून दिलं.' रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, त्या शिल्पांतले फ्लेमिंगो बनतात कशाचे? सळ्या, चेन, बेअरिंग, पत्रा. हे तर भंगारवाला किलोवर पैसे मोजून नेतोच! वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र कुणी हात लावत नाही, ते नाल्यातून खाडीत जातं. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचं काहीतरी करा.

ऐरोलीचा वेल्डर: बारा वर्षं हेच काम करतोय. शिल्प कचरा संपवायला नसतंच. माणूस थांबतो, 'अरे, हा तर गिअर' म्हणतो, तेवढ्यासाठी असतं. नेकचंद यांनी १९५७ पासून फुटक्या बांगड्या, फरशा, बेसिनचे तुकडे जमवून चंदीगडचं रॉक गार्डन उभं केलं. त्या तुकड्यांना कुठे होतं गिऱ्हाईक?

घणसोलीची आई: शिल्पं राहू द्या, आधी शाळांचं 'टाकाऊतून टिकाऊ' बंद करा. मुलीने रात्री दहाला सांगितलं, उद्या चार बाटल्या हव्यात. घरात एक नाही. कोल्ड्रिंक विकत आणलं आणि मोरीत ओतलं! वर ऑइलपेंट, चमकी. नंतर भंगारवाला म्हणाला, 'रंगवलेली नको, ताई.' चांगल्या बाटल्यांचा आम्ही कचरा केला.

ठाणेकर: आमच्याकडे आइस्क्रीमच्या काड्या. स्टेशनरीत कोरं पाकीट मिळतं!

निवृत्त कलाशिक्षक, नौपाडा: विषयाला दोष देऊ नका. मी पंधरा दिवस आधी सांगायचो, आईबाप आदल्या रात्री जागे व्हायचे. एका मुलीने आजीच्या नऊवारीची गोधडी शिवून आणली होती. अजून आठवते.

घणसोलीची आई: सर, सात पन्नासच्या लोकलने घरी येते मी. आईबापांवर ढकलू नका. आणि ती गोधडी आजीनेच शिवली असणार. पण गोधडीचं मान्य. ती पांघरतात, शोकेसमध्ये ठेवत नाहीत.

नेरुळकर: मला हेच म्हणायचंय. कोपरखैरण्याला जुन्या डम्पिंगच्या जागी निसर्ग उद्यान झालं. दर रविवारी आईला तिथे नेतो.

ऐरोलीचा वेल्डर: उद्यान पालिकेचं, त्यात कलाकाराचं काय? पाकिटांचा मुद्दा तेवढा खरा. ती वेल्ड होत नाहीत. पट्ट्या कापून विणता येतात का, बघतो. शिल्पं मात्र हवीतच.

नेरुळकर: धुऊन, वाळवून ठेवतो. कुठे आणून देऊ?

घणसोलीची आई: शाळेच्या कानावर घालू नका. पुढच्या स्पर्धेला वेफर्स विकत आणावे लागतील.