प्रतिसाद: बोलून काय मिळतं?

घरातला मार उघडपणे सांगणाऱ्या एका बाईवरच्या लेखाखाली वर एकांनी विचारलंय, "घरातला मार चव्हाट्यावर सांगून त्या बाईला काय मिळतं?" तिचं तिला माहीत. मला मिळालं ते सांगते.

आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अशाच एक ताई आल्या होत्या, नऊ वर्षं मार सोसलेल्या. (गळ्यात मंगळसूत्र नाही म्हणून कुजबुज झालीच.) भाषण नाही काही. पिशवीतून छळाविरुद्धच्या अर्जाची झेरॉक्स काढली आणि म्हणाल्या, पोलीस ठाण्याची पायरी न चढताही संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा बायकांच्या मदतीला सरकारनं नेमलेल्या माणसाकडे, जाता येतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १७ मला तिथं कळलं: घर आपल्या नावावर नसलं तरी तिथं राहायचा हक्क आहे. तोवर "चालती हो" म्हटलं की मी मुकाट पिशवी भरायची. कायदा ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो. मीही अर्ज केला, पण माझ्या कोर्टाच्या तारखा त्याच्या कितीतरी पुढं गेल्या, हेही खरं.

आणि "ही शहरी फॅडं" म्हणणाऱ्या दादांना: बायकांच्या छळाविरुद्ध शाहू महाराजांनी १९१९ साली कायदा केला, इथंच, कोल्हापुरात. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची विधवा प्रथा बंद करायचा ठराव २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं केला.

त्या ताई पुढच्या महिन्यात गडहिंग्लजला जाणार आहेत. झेरॉक्सचा गठ्ठा या खेपेला माझ्याकडं आहे.